ताम्रजल : प्रयोगशाळेचा दाखला आणि वैद्यांची जबाबदारी

ताम्रपात्रातील जलाविषयी रुग्ण वैद्याला जितके विचारतात, त्याहून अधिक वेळा हल्ली वैद्यच रुग्णाला सांगतात. "आता आधुनिक विज्ञानानेही हे मान्य केले आहे" हे वाक्य त्यासोबत हमखास जोडले जाते. नेमके काय मान्य केले, कोणी केले आणि कोणत्या मर्यादेत, याची वाच्यता मात्र क्वचितच होते. आमचा आक्षेप ताम्रजलाला नाही. या अर्धवट सांगण्याला आहे.

प्रथम शास्त्राधार पाहू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात जलपानास योग्य पात्रे सांगितली आहेत. त्यांत ताम्र आहे, तसेच सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि मृत्तिकाही आहे. ताम्राला तेथे काही वेगळे सिंहासन दिलेले नाही. आज दुकानोदुकानी मिळणाऱ्या तांब्याच्या बाटलीवर सर्व रोगांची यादी छापली जाते, तिचे पितृत्व सुश्रुताचार्यांकडे जात नाही, एवढे तरी आपण स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता प्रयोगशाळेचा दाखला. 2012 साली बंगळूरच्या आयुर्वेद व एकात्मिक वैद्यक संस्थेतील पद्मा वेंकटसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या तेव्हाच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यात दर मिलिलिटरला सुमारे 500 या प्रमाणात कॉलरा, आमांश, विषमज्वर इत्यादींचे जंतू मिसळून ते पाणी ताम्रपात्रात सामान्य तापमानाला 16 तास ठेवले. त्यानंतर त्या पाण्यातून एकही जंतू पुन्हा वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबे लिटरला सुमारे 0.177 मिलिग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2 मिलिग्रॅम आहे. वीज नाही, इंधन नाही, गाळणी बदलण्याचा खर्च नाही. ज्या गावात पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळते आणि अतिसाराची साथ येते, तेथे या निष्कर्षाचे मोल किती आहे, हे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या आमच्या वाचकांना सांगणे नलगे.

परंतु हा निबंध मुळातून वाचणाऱ्याच्या काही गोष्टी लगेच ध्यानात येतात. काळ 16 तासांचा आहे. आपण सांगतो "रात्रभर". रात्री दहाला भरलेले पाणी सकाळी सहाला प्यायले तर ते आठच तास झाले! प्रयोगात जंतूंची संख्याही ठरवून मर्यादित ठेवलेली होती. सांडपाणी मिसळलेल्या गढूळ पाण्याला तोच निष्कर्ष सरसकट लावणे हे शास्त्र नव्हे. खतांतून विहिरीत उतरलेले नायट्रेट तांब्याने जात नाही. आणि भांड्याला आतून कल्हई असेल तर पाण्याला तांब्याचा स्पर्शच होत नाही, मग गुण कोठून येणार? भारतीय मानकाचीही येथे नोंद घ्यावी. त्यात पेयजलातील तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत सवलत आहे. म्हणजे प्रयोगातील पाणी एका मापाने निर्धोक ठरते, तर दुसऱ्या मापाने केवळ सवलतीत बसते. हे रुग्णापासून लपवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट आपल्या घरचीच आहे. बालकांच्या यकृताला दगडासारखे काठिण्य आणून त्यांचे प्राण घेणारा 'भारतीय बालयकृतविकार' पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह अभ्यासला. 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी बोट ठेवले ते पितळेच्या व तांब्याच्या कल्हईविना भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या दुधावर. दुधातील केसीन पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तांबे ओढून घेते. काही बालकांत जन्मजात कलही असावा, असे मत पुढे मांडले गेले. पण भांडी बदलली आणि हा रोग विरळ होत गेला, हे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. ज्या धातूने पाण्यातील जंतू मरतात, त्याच धातूने दुधातून बालकाचे यकृत नासते. दोन्ही निष्कर्ष प्रयोगशाळेतलेच. एकाचा डांगोरा पिटावा आणि दुसऱ्याचे नावही घेऊ नये, हे कसे?

वास्तविक आपल्या परंपरेला हे नवे नाही. अशुद्ध ताम्राचे आठ दोष रसशास्त्राने मोजून ठेवले आहेत. कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले तूप विरुद्ध मानले आहे. आणि ताक 'कळकले' की ते ओतून द्यावे, हे ज्या आजीबाईला अक्षरओळख नव्हती तिलाही ठाऊक होते. शब्दच किती नेमका आहे पाहा. आज स्टीलच्या घरात वाढलेल्या तरुण मातेला तो शब्द माहीत नाही. ती तांब्याच्या बाटलीत लिंबूसरबत भरून मुलाच्या दप्तरात ठेवते.

म्हणून सल्ला द्यायचा तर पूर्ण द्यावा. भांडे आतून उघडे तांब्याचे असावे, चिंचेने घासून हिरवट थर पूर्ण काढलेला असावा. त्यात केवळ निवळलेले पाणी भरावे. दूध, ताक, सरबत, काढा यांपैकी काहीही ठेवू नये. तान्ह्या बाळाचे वरचे दूध ताम्रजलात कालवू नये. विल्सनविकार असलेल्या रुग्णास ते वर्ज्य समजावे. साथ चालू असेल तर पाणी उकळणे वा क्लोरीनचे थेंब घालणे थांबवू नये.

आणखी एक विनंती आयुर्वेद महाविद्यालयांच्या स्वस्थवृत्त विभागांना. जंतूंची वाढ मोजण्यास काचेच्या बशा, एक उबवणी यंत्र आणि चिकाटी एवढेच लागते. आपल्या गावची विहीर, कूपनलिका आणि नळ यांचे पाणी ताम्रपात्रात आठ, बारा व सोळा तास ठेवून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आकडे काढावेत. भर पावसाळ्यात एकदा आणि वैशाखात एकदा. ते आकडे, प्रतिकूल असले तरी, या त्रैमासिकात छापून यावेत.