वर्षावासातील एक अपुरी वही

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. शुभ्र वस्त्रे परिधान केलेले उपासक-उपासिका त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि शेवटी खीरदानाने समाप्ती होते. गेल्या वर्षावासात आम्ही शिक्षकांनी या प्रथेला एक जोड दिली. प्रत्येक पालकाला शंभर पानी वही दिली आणि घरी, स्वतःच्या डोळ्यांनी, जमेल तेवढे वाचण्याचा संकल्प करण्यास सांगितले. किती वाचायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. रोज काय वाचले ते वहीत लिहायचे आणि पालकभेटीच्या रविवारी ती वही दाखवायची, एवढाच नियम होता.

येथवर ठीक होते. परंतु शिक्षकाचा पिंड मोजमापाशिवाय राहत नाही. आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक तक्ता लावला. त्यावर मुलांची नावे आणि त्यांच्या पालकांनी ग्रंथाच्या आठ खंडांपैकी किती पूर्ण केले याचे रकाने. भाद्रपदात काही रकाने पाचव्या खंडापर्यंत भरले होते. नववीतील एका मुलीच्या नावापुढचा पहिला रकानादेखील रिकामा होता. एके सायंकाळी ती आमच्याकडे आली आणि तक्त्यावरून आपले नाव पुसावे, अशी तिने विनंती केली. कारण विचारले, तेव्हा ती काही बोलली नाही.

तिची आई निफाड तालुक्यातील. शिक्षण सातवीपर्यंत. पावसाळ्यात चाळीतला कांदा निवडण्याची मजुरी आणि पुढे द्राक्षबागांतील काम. तिची वही आम्ही मागवून घेतली ती, खरे सांगायचे तर, पालकांना समज देण्याच्या इराद्याने. “आज दोन पानं.” “आज नाही, कांद्यावर गेले.” “लाईट नव्हती.” “परत तेच वाचलं.” हे ‘परत तेच’ सतरा दिवस चालले होते. ते प्रकरण होते रोहिणी नदीच्या पाण्याचे.

वाचकांना ते ठाऊक असेल. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून वाद पेटतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि शाक्य संघ बहुमताने त्याच्या विरोधात जातो. युद्धात सामील न झाल्यास देहदंड किंवा देशत्याग, अथवा कुटुंबावर सामाजिक बहिष्कार व जमिनीची जप्ती, असे पर्याय त्याच्यापुढे ठेवले जातात आणि तो परिव्रज्या स्वीकारतो. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून गृहत्याग केल्याची परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. या बाईंनी वहीत लिहिले होते : “कॅनॉलच्या पाळीवरून आमच्या गावात दोनदा डोकी फुटली. तेव्हा युद्ध नको म्हणणारा कोणी नव्हता.” आणि त्याखाली, दोन दिवसांनी : “घरच्यांना वाळीत टाकू म्हणल्यावर माणूस काय करेल? माझ्या आज्याला टाकलं होतं.”

आम्ही ती वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसून राहिलो. इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेऊन तीस वर्षे झाली. जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणांसाठी हा ग्रंथ आम्ही शेकडो वेळा उघडला असेल. परंतु पहिल्या पानापासून अखेरपर्यंत सलग कधीही वाचलेला नाही. आम्ही त्यातून अवतरणे काढली. तक्ता लावणाऱ्याचा स्वतःचा रकाना कोणी तपासला असता तर काय आढळले असते, हे या स्मरणिकेत नमूद करणे आम्हाला प्राप्त आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रकाशित झाला. प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत आणि वाचकांनीही त्यांच्या उत्तरांत आपली भर घालावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. या ग्रंथाचे पारायण करणे म्हणजे ती अपेक्षाच परत करणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. समाप्तीच्या तिथीला समाप्ती व्हावी म्हणून अखेरच्या आठवड्यात धावत्या आवाजात वाचलेले खंड आम्ही अनेक विहारांत ऐकले आहेत. विहारातील सामुदायिक वाचनाला आमचा विरोध नाही; निरक्षर आजी-आजोबांपर्यंत ग्रंथ पोहोचला तो त्याच वाटेने. पण ज्या घरी मूल शाळेत शिकते, त्या घरी आईवडिलांनी स्वतः वाचले पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळ मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखले आहे, मग ते का वाचायचे, असा प्रश्न भीमरावांनी वडिलांनाच विचारला. वडिलांच्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. समाधान झाले नाही तरी घरात प्रश्न विचारला गेला, हे आम्हाला मोलाचे वाटते.

नाशिककरांना वर्षावास नवा नाही. त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, अशी तजवीज केली. हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. हे गणित आम्ही सहलीत विद्यार्थ्यांना फळ्यावाचून करायला लावतो. दान मोजून द्यावे हे योग्यच. पण त्या वीस जणांनी पावसाळ्यात किती सुत्ते पाठ केली याची अट त्या लेखात नाही.

आश्विन उजाडला तेव्हा द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली. छाटणी आणि काडीला पेस्ट लावणे, या कामात पहाटेपासून दिवस जातो. त्या बाईंच्या वहीत अकरा दिवस नुसत्या तारखा आहेत. पौर्णिमेला त्या दुसऱ्या खंडात, प्रकृती या चांडालिकेच्या दीक्षेपाशी होत्या.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते. पाहिलेला, ऐकलेला वा शंका आलेला आपला दोष इतरांनी दाखवावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. पुढच्या पालकभेटीत आम्ही सर्वांसमक्ष तक्ता उतरवला, तो लावण्यात आमची चूक झाली हे सांगितले आणि आमच्या स्वतःच्या वाचनाची हकीकतही सांगितली. सभेत थोडी चुळबुळ झाली. दोघा-तिघा पालकांना, ज्यांचे आठही खंड झाले होते, ते रुचले नाही; आपल्या परिश्रमांवर पाणी पडले, असे त्यांनी नंतर बोलून दाखवले. त्यांचेही अगदीच चूक नव्हते.

सभा संपल्यावर त्या बाई भेटल्या. “जयभीम सर. वही जमा करायची का?”

आम्ही नको म्हणालो.

“बरं झालं. पानं शिल्लक आहेत अजून. छाटणी उरकली की बसते.”

मुलीने विचारले, “सर, तुम्ही कुठवर आलात?”

आम्ही रोहिणीपाशी होतो. तसे सांगितले.