मैदान आणि मायबोली

निवासी शाळेने मुलाला खेळ द्यावा, हे कोणीही मान्य करील. त्या बदल्यात ती त्याच्याकडून काय काढून घेते, हा खरा प्रश्न आहे.

कॅनडातील क्री या आदिवासी समाजाचे फ्रेड सासाकामूस (१९३३–२०२०) यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. लहानपणीच आईबापांपासून तोडून त्यांना मिशनरी निवासी शाळेत नेण्यात आले. तेथे मातृभाषा बोलण्यास बंदी होती, छळही वाट्याला आला. आणि बर्फावरची हॉकीही तेथेच घटवली गेली. १९५३-५४ च्या हंगामात शिकागोच्या संघाकडून ते उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत अकरा सामने खेळले. पुढे घरची ओढ त्यांना परत घेऊन आली. ते आपल्या समाजाचे प्रमुख झाले आणि आदिवासी मुलांच्या खेळासाठी झटले. अकरा सामन्यांवरून त्यांना अपयशी ठरवणारे गणित मला पटत नाही.

आपल्याकडे पाहा. हरसूल परिसरातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक घेऊन आली. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. सावरपाड्याचे डोंगर आणि आपल्या जव्हार-मोखाड्याचे डोंगर यांत काय अंतर आहे? पाण्यासाठीची पायपीट तीच, पायांतले बळही तेच.

तरीही आमची मुले दहावीनंतर मैदान सोडतात. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रोजंदारी मिळते, आणि घरची चूल पेटती राहावी लागते; पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मग जबाबदारी कोणाची? शाळेची, आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांची. धावणाऱ्या मुलामुलीला बारावीपर्यंत वसतिगृहात जागा आणि पोटभर आहार मिळावा. कंपन्यांत स्थिरावलेल्यांनी वर्गणी काढून बूट आणि प्रवासखर्च उचलावा. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या समाजाला वसतिगृहाचे मोल सांगायला नको.

आणि वारली बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसणाऱ्याला, मग तो शिक्षक का असेना, तिथल्या तिथे थांबवावे. वाढदिवसाच्या पार्ट्यांवरचा खर्च पाहता, हे परवडत नाही असे निदान आपण तरी म्हणू नये. येत्या जूनपासून पाच मुलांनी सुरुवात करता येईल.