क्लच घसरतो तेव्हां

गेल्या कार्तिकांतली गोष्ट. काकूंस तपासणीसाठीं पनवेलला न्यावयाचें होतें, म्हणून आम्ही पहांटे साडेपांचालाच चौलहून निघालों. अलिबागेपर्यंत रस्ता सपाट. गाडीनें तक्रार केली नाहीं. कार्ले खिंडीचा चढ लागला मात्र, आणि इंजिनाचा आवाज वाढूं लागला, पण गाडीचा वेग उतरूं लागला. पायानें जितका जोर द्यावा तितकें इंजिन अधिक ओरडे. चाकें मात्र जणूं दुसऱ्याच कोणाचीं! त्यांतच जळका, उग्र वास सुटला. खिंडीच्या मध्यावर गाडी थांबली ती थांबलीच. काकू नाकाशीं पदर धरून रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. अखेर एक एस. टी. थांबली, कंडक्टरानें हात देऊन त्यांस वर घेतलें, आणि तपासणीची वेळ कशीबशी गांठली.

आमचें घर एकत्र. गाडी एक आणि ती हांकणारे पांच. असल्या घरांत गाडी बिघडली कीं 'काय बिघडलें' यापेक्षां 'कोणीं बिघडविलें' हा प्रश्न आधीं निघतो. त्या रात्रीं पानें वाढलीं जात असतांनाच निकाल लागला. धाकट्या सूनबाई त्याच वर्षीं वैशाखांत गाडी शिकल्या होत्या. तेव्हां क्लच त्यांनींच जाळला, हें ठरून गेलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं किल्ली खुंटीला लावली, आणि पुढें दीड महिना तिला हात लावला नाहीं. आम्हीं त्यावेळीं त्यांची बाजू घेतली नाहीं, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. कारण पुढची हकीकत त्यावांचून समजावयाची नाहीं.

आमची गाडी मारुती ८००, १९९८ सालची. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरांत बाहेर पडली व शेवटची २०१४ च्या जानेवारींत. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्याही आधींची. तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि आमच्या किनाऱ्यावर, नारळी-पोफळीच्या वाडींत, पत्र्याच्या पडवीखालीं अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ घरीं जपलेल्या आहेत. पंधरा वर्षें झालीं कीं पेणच्या परिवहन कार्यालयांत नेऊन तपासून घ्यावयाच्या व पुढच्या पांच वर्षांची नोंदणी मिळवावयाची, असा त्यांचा क्रम. अशा गाडीचा क्लच हा सर्वांत आधीं थकणाऱ्या अवयवांपैकीं एक आहे. म्हणून त्याचें दुखणें ओळखण्याची रीत प्रत्येक घरांत निदान एकास तरी ठाऊक असावी.

प्रथम क्लच म्हणजे काय तें पाहूं. दोन तळव्यांमध्यें एक पापड घट्ट धरावा व दोन्ही तळवे एकदम फिरवावे. पापडही त्यांच्याबरोबर फिरेल. तळवे किंचित् सैल केले कीं ते फिरत राहतील, पापड मात्र थांबेल. इंजिनाला जोडलेलें जड फ्लायव्हील हा एक तळवा. स्प्रिंगच्या जोरानें दाबणारी प्रेशर प्लेट हा दुसरा. आणि मधली क्लच प्लेट म्हणजे आपला पापड. या प्लेटच्या दोन्ही अंगांस खरखरीत अस्तर असतें, व तिचा संबंध गिअर बॉक्सशीं, म्हणजे पर्यायानें चाकांशीं असतो. आपण पेडल दाबलें कीं केबल ओढली जाते, ती एका दांड्याला हलविते, दांडा रिलीज बेअरिंगला पुढें ढकलतो, आणि प्रेशर प्लेटची पकड सुटते. पाय काढला कीं पकड पुन्हां बसते. सारें यंत्र इतकेंच.

यावरून दुखण्यांचे दोन मुख्य वर्ग सहज ध्यानांत येतील. पकड नीट बसत नसेल तर क्लच घसरतो. पकड नीट सुटत नसेल तर तो ओढतो. घसरण्याचीं लक्षणें आमच्या खिंडींतल्यासारखीं : इंजिन पळतें, गाडी पळत नाहीं, चढावर व वरच्या गिअरमध्यें तें अधिक जाणवतें, आणि जळका वास येतो. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशीं चाळीस किलोमीटरच्या सुमारास सर्वांत वरचा गिअर घालून अॅक्सिलरेटर एकदम दाबावा. आवाज उसळला पण वेग त्या मानानें वाढला नाहीं, तर क्लच घसरतो असें समजावें. ओढण्याची परीक्षा उभ्या गाडींत होते. इंजिन चालूं ठेवून पेडल पूर्ण दाबावें, चार-पांच सेकंद थांबावें, आणि मग रिव्हर्स घालावा. या अवधींत आंतील चक्रें स्थिर व्हावयास हवींत. तरीही दांत खरखरले तर पकड पुरती सुटत नाहीं.

आवाजावरूनही पुष्कळ कळतें. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट, पेडल सोडलेलें असतां आवाज येऊन दाबतांच बंद होत असेल तर दोष बहुधा गिअर बॉक्सच्या पुढील बेअरिंगचा असतो. गाडी सुटतांना अंग थरथरलें, तर अस्तरावर तेल आलें आहे, किंवा इंजिन बसविलेले रबर सैल झाले आहेत. पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर आमच्या प्रांतांत पहिला संशय गंजलेल्या केबलचा. खाऱ्या वाऱ्यापुढें तारेचें कांहीं चालत नाहीं.

आतां आमच्या गाडीकडे वळूं. अलिबागचे एक वृद्ध मिस्त्री घरीं आले. त्यांनीं पान्याला हात लावला नाहीं, खालीं वांकून क्लचचें पेडल नुसतें बोटानें दाबून पाहिलें, आणि विचारलें, "अहो, याला प्ले कुठें आहे?" पेडलची पहिली थोडी चाल हलकी, बिनविरोध असावी लागते, तीस हे लोक 'प्ले' म्हणतात. बहुतेक केबलच्या गाड्यांत ती बोट-दीड बोट असते, व नेमकें माप गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. आमच्या पेडलला ती मुळींच नव्हती. "केबल कुणीं ताणली?" त्यांनीं विचारलें. आम्ही गप्प बसलों. ती आम्हींच ताणली होती.

झालें होतें तें असें. पावसाळाभर गाडी पडवींत उभी होती. भाद्रपदाच्या शेवटीं बाहेर काढली तों रिव्हर्स घालतांना दांत खरखरूं लागले. आम्हीं निदान केलें कीं केबल सैल झाली; आणि गिअर बॉक्सच्या बाजूस तिच्या टोकाशीं असलेला नट स्वहस्तें चांगला आवळला. निदान चुकलें होतें. केबल सैल नव्हती. चार महिन्यांच्या ओलाव्यानें प्लेट फ्लायव्हीलला गंजानें चिकटूं लागली होती. चार दिवस गाडी फिरतांच तो गंज आपोआप झडला, खरखर थांबली, आणि आम्हांस वाटलें कीं आमच्या पान्याचा गुण आला! नट मात्र आवळलेलाच राहिला. त्यामुळें रिलीज बेअरिंग अष्टौप्रहर प्रेशर प्लेटवर रेललें, पकड कधींच पुरती बसेना, अस्तर घांसून तापूं लागलें. त्यांत दुसरी गोष्ट अशी कीं अस्तर झिजतें तसतशी मोकळी चाल आपण होऊन आणखी कमी होते. म्हणजे दुखणें स्वतःलाच वाढवीत जातें. कार्ले खिंडींत त्याचा शेवट झाला इतकेंच. सूनबाई त्याच्या आठ दिवस आधीं म्हणाल्या होत्या, "काका, गाडींतून कसलासा वास येतोय." आम्हीं हंसून उत्तर दिलें होतें, "शिकाऊ हात असला कीं वास यायचाच."

जळलेलें अस्तर नट सैल करून बरें होत नाहीं. गिअर बॉक्स उतरावा लागला. या गाडीची ओढ पुढच्या चाकांस असल्यामुळें आधीं दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढावे लागतात. दिवसाचें काम होतें. मजुरीचा मोठा भाग या उतरविण्या-चढविण्याचाच असल्यामुळें क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हीं तिन्ही एकदमच बदलावीं. एकापुरती काटकसर करणारास सहा महिन्यांनीं तीच मजुरी पुन्हां मोजावी लागते. तेवढ्यांत फ्लायव्हीलच्या पृष्ठावर निळे डाग वा चरे आहेत काय, आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरतें काय, हेंही पाहून घ्यावें. सील गळत असतां नवी प्लेट घालणें व्यर्थ. हीं कामें घरीं करूं पाहणाऱ्या उत्साही तरुणांस दोन सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. भक्कम घोडे लावावे. आणि आंतील काळी भुकटी फुंकून उडवूं नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी.

आमच्या किनाऱ्यावरील घरांनीं आणखी कांहीं गोष्टी पाळाव्या. पावसाळ्यांत गाडी उभी असली तरी पंधरा दिवसांनीं एकदां चालूं करून, पेडल आठ-दहा वेळां दाबून, अंगणांत थोडी पुढें-मागें न्यावी. भरतीच्या ओल्या वाळूवर गाडी घालण्याची हौस टाळावी. चाकें रुतलीं कीं तीं सोडविण्याच्या धडपडींत क्लच पांच मिनिटांत जळतो. मांडव्यास रो-रो बोटींत चढण्यासाठीं उतारावर थांबावें लागलें तर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरूं नये. हँडब्रेक त्यासाठींच दिलेला आहे. आणि चालतांना डावा पाय पेडलवर विसांवा घेत ठेवूं नये. त्याचा परिणाम केबल जास्त ताणण्यासारखाच होतो.

मिस्त्री गेल्यावर आम्हीं रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष हकीकत सांगितली. नट कोणीं आवळला हेंही सांगितलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग काकूच म्हणाल्या, "म्हणजे दगडावर मला तुम्हींच बसवलंत होय!" आणि सारी पंगत हंसली. दुसऱ्या दिवशीं खुंटीवरची किल्ली आम्हीं स्वतः काढून सूनबाईंच्या हातीं दिली. फेरतपासणीस काकूंना पनवेलला त्यांनींच नेलें. खिंड दुसऱ्या गिअरमध्यें, वास न येतां, पार झाली. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं त्या पट्टी घेऊन पेडलची मोकळी चाल मोजतात व भिंतीवरच्या पंचांगाच्या कडेला आंकडा टिपून ठेवतात. आम्हांस पान्याला हात लावण्याची परवानगी आहे. पण आधीं तो आंकडा पाहून, आणि त्यांस विचारून.