गाणी काढा म्हणणाऱ्यांनो, आधी सिनेमा बघा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी शहाणा उठतो आणि सांगतो, ‘मराठी सिनेमा प्रगल्भ व्हायचा असेल तर गाणी काढा.’ खाली लगेच टाळ्या.

मला एक सांगा. ‘पिंजरा’तून (१९७२) लावणी काढली तर काय उरतं? तमाशाच्या नावानं बोटं मोडणारे गुरुजी ज्या नादात वाहून जातात, तो नाद गाण्यातच आहे. ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) सालोमालो तुकोबांचे अभंगच स्वतःचे म्हणून खपवतो. तिथं भांडणच गाण्याच्या मालकीचं! ‘कट्यार काळजात घुसली’त (२०१५) दोन घराण्यांचं वैर तलवारीनं नाही, गळ्यानं लढलं जातं. काढा बघू गाणी.

हे खूळ मुंबईच्या हिंदी सिनेमानं आपल्याला लावलं, असंही काहीजण म्हणतात. साफ चूक. ‘आलम आरा’ १९३१ चा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० चं. म्हणजे पडदा बोलायला लागायच्या पन्नास वर्षं आधीपासून मराठी माणूस गाण्यातून गोष्ट ऐकतोय. तमाशा आणि कीर्तन तर त्याच्याही आधीचं.

लोक गाण्याला कंटाळतात का? कंटाळतात, कबूल. अमेरिकेत १९२७ च्या ‘द जाझ सिंगर’नंतर संगीतपटांचा असा रतीब सुरू झाला की १९३० पर्यंत प्रेक्षक विटले. ‘आमच्या सिनेमात गाणी नाहीत’ अशा जाहिराती झाल्या. पण १९३३ मध्ये ‘फोर्टी सेकंड स्ट्रीट’ आला आणि तेच लोक परत रांगेत उभे राहिले. विटले होते ते चिकटवलेल्या गाण्याला.

आपल्याकडं आज तेच चाललंय. कथेशी काडीचा संबंध नसलेलं गाणं रील्ससाठी शूट करायचं, प्रमोशनला वाजवायचं, पिक्चर पडला की खापर मात्र ‘गाण्यांच्या परंपरे’वर फोडायचं. दोष परंपरेचा नाही, तुमच्या आळसाचा आहे.

‘सैराट’च्या (२०१६) वेळी लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचले आणि शेवटी तेच लोक सुन्न होऊन बाहेर पडले. त्या नाचणाऱ्यांना जातीचं वास्तव कळलं नाही, असं म्हणायची हिंमत आहे? आधी त्या दोघांच्या प्रेमात पाडलं ते गाण्यांनी. म्हणून शेवट एवढा लागला.

तालुक्याच्या गावातली थिएटरं एकेक करून बंद पडतायत. उरलेल्या प्रेक्षकाला ‘तुझी आवडच अडाणी’ म्हणून हिणवाल, तर उद्या तुमचा प्रगल्भ सिनेमा बघायला फक्त तुम्हीच असाल.

गाणं काढू नका. गाणं लिहायला शिका.