ऐकल्या दिवसापासून

ऑगस्ट २०२० मध्ये नाशिकला माझे वडील कोविडने गेले. अमरधाममध्ये धाकटा भाऊ लांब उभा राहिला; खांदा दिला तो महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी. मी मेलबर्नच्या घरात फोनवर बघत होतो. आठवतंय ना तो महिना? रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणी कुणाच्या घरी यायचं नाही. देशाबाहेर जायला सरकारची परवानगी हवी, भारताची नेहमीची विमानं मार्चपासून बंद, आणि गेलो तर परत कधी येऊ याचा भरवसा नाही. दहावा झूमवर झाला. पिंडाला कावळा शिवला तेव्हा नेमकं चित्र अडकलं. शिवला, असं भावाने नंतर सांगितलं.

एवढ्या वर्षांनी हे लिहितोय, कारण इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली आणि ती मागे पडली. पितृपक्षात एक संध्याकाळ कोविडच्या त्या दोन वर्षांत ज्यांची माणसं गेली त्यांच्यासाठी ठेवू, एवढंच म्हणणं होतं. ‘मंडळ म्हणजे गणपती, दिवाळी, नाटक, जुन्या जखमा कशाला उकरायच्या?’ असं उत्तर आलं. म्हणणारे माझे जवळचेच, मनाने चांगले. पण ते चुकताहेत.

पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. त्यात दूरदेशी असलेल्या मुलाचा विचार केलेला आहे. इतर नातलगांच्या मृत्यूची बातमी उशिरा कळली तर सूतक कमी होत जातं. आईवडिलांचं तसं नाही. कितीही उशीर होवो, मुलाने ऐकल्या दिवसापासून पुरते दहा दिवस धरायचे. मी कर्मठ नाही, आणि शास्त्र मुलाबद्दल बोलतं तिथे मी मुलीलाही धरतो. पण दूर असलेल्याचा शोक उशिरा सुरू होतो आणि म्हणून तो कमी करायचा नसतो, हे त्या जुन्या माणसांना कळलं होतं.

आम्हाला तर बातमी त्याच मिनिटाला कळली, असं तुम्ही म्हणाल. खरंच कळली का? मी सीमा उघडल्यावर, डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला गेलो. दारात चप्पल काढताना सवयीने बाबांच्या चपलेसाठी जागा सोडली. मग तिथेच बसलो. माझ्यापुरती बातमी त्या दिवशी आली, सोळा महिन्यांनी.

आपल्याकडे समाचाराला येतात. घरात चूल पेटत नाही, शेजारचं पिठलंभात येतं. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘काय झालं होतं?’ आणि घरचा माणूस तीच हकिगत पहिल्यापासून सांगतो. ताप कधी आला, शेवटचं काय बोलले. लहानपणी मला हा छळ वाटायचा. आता वाटतं, वीसदा सांगितल्यावरच तोंडाला ‘गेले’ हा शब्द सरावतो. आमच्यापैकी कितीतरी जणांना ही हकिगत एकदाही कुणाला समोर बसून सांगता आलेली नाही. ग्रुपवर शंभर जणांनी हात जोडले. विचारलं कुणीच नाही, कारण मेसेजमध्ये ते विचारायचं तरी कसं?

जखम उकरण्याचा प्रश्नच येत नाही. ती कुणी पाहिलेलीच नाही.

म्हणून कार्यकारिणीला पुन्हा विनंती करतो. पितृपक्षातल्या एका शनिवारी हॉलचे दोन तास द्या. भाषणं नकोत, पडद्यावर फोटो नकोत. सतरंज्या घालू, पिठलंभात मी आणतो. ज्यांचं कुणी गेलेलं नाही त्यांनी तर जरूर यावं, कारण विचारायचं काम त्यांचंच आहे. फक्त निघताना कुणी ‘येतो’ म्हणू नका.