जुन्या जीपचा पंप आणि बुजविलेले छिद्र

मैलूरहून एका कुटुंबाने आम्हांस विचारले आहे की, घरच्या जुन्या जीपगाडीचा पाण्याचा पंप निकामी झाला असता तो टाकून देऊन बाजारातील नवा बसवावा, की मूळचाच उघडून दुरुस्त करून घ्यावा? गाडी आजोबांच्या काळची. तुरीची पोती, दवाखान्यात न्यावयाचे आजारी आणि रविवारच्या मिस्सेस निघालेली आजी, या सर्वांना तिने वाहून नेले आहे. मिस्त्रीने पंप हलवून पाहिला आणि ‘हा संपला’ म्हणून सांगितले. पत्राच्या शेवटी मात्र जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे आणि आमचे लक्ष तेथेच खिळले: पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र होते, त्यातून पाणी ठिबके, म्हणून दोन वर्षांपूर्वी ते लांबी भरून बुजवून टाकले.

वाचकहो, ते छिद्र कारखान्यानेच मुद्दाम ठेवलेले असते. ते का, हे समजण्यासाठी पंपाच्या पोटात शिरले पाहिजे.

पाणी वाहते ठेवण्यास पंपच लागतो असे नाही, हे बिदरकरांना आम्ही सांगावयास नको. मैलूरपासून फार लांब नसलेल्या नौबादला बहमनी काळातील कारेझ आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर पाणी पुढे सरके. प्रारंभीच्या काही मोटारींचेही असेच होते. फोर्डच्या मॉडेल टी या १९०८ सालच्या गाडीत पहिल्या अडीचएक हजार गाड्यांनंतर पंप काढूनच टाकला गेला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवलेले जड होऊन खाली उतरते, एवढ्यावर ती गाडी चाले. परंतु इंजिनाची ताकद वाढली, तसा हा संथ प्रवाह पुरेना. इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते.

महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पत्रातील गाडी उंच बॉनेटची, म्हणजे सीजे-३बी जातीची दिसते. तिचे चार सिलिंडरांचे २१९९ घन सेंटीमीटरचे इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही उंच. तिच्या पंपाची रचना साधी आहे. बिडाची बॉडी, तिच्यात बेअरिंगसह एकसंध असलेला शाफ्ट, शाफ्टच्या आतल्या टोकावर पाणी फेकणारा इंपेलर आणि बाहेरच्या टोकावर हब. या हबवरच हवेचा पंखा बसतो. पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये पहारेकरी एकच: स्प्रिंगने दाबून धरलेले सील. त्याची कडी बिडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या बैठकीवर फिरत असते. ती कधीतरी झिजणारच. झिजल्यावर जे पाणी निसटते, ते बेअरिंगकडे न जाता खाली पडावे, एवढ्यासाठी ते छिद्र. तेथे दिसणारा थेंब म्हणजे पंपाने वेळेवर दिलेली वर्दी होय.

वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद केले की काय होते? पाणी बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस धुऊन काढते, गोळ्यांना गंज चढतो. शाफ्ट डुलू लागतो आणि त्याच्याबरोबर पंखाही. बेअरिंग पुरते तुटले तर पंख्याची पाती पुढच्या रेडिएटरची जाळी फाडून टाकतात. मग सीलच्या किरकोळ खर्चाच्या जागी रेडिएटर जातो, इंजिन तापून हेडची पॅकिंग जाते, आणि हे सारे घडते ते बहुधा घरापासून दूर, रात्रीच्या वेळी, गाडीत आजारी माणूस असताना. डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफरचे पदक आम्हीही लावतो. तथापि पंपाची तपासणी त्या संताने करावी अशी अपेक्षा रास्त नव्हे.

आता दुरुस्तीकडे वळू. हे काम घरी हातोड्याने करू नये. बीड ठिसूळ असते. एक ठोका चुकीचा पडला की बॉडीला तडा जातो. प्रथम हब आणि इंपेलर शाफ्टवर नेमके कोठे बसले आहेत, याची मापे घेऊन लिहून ठेवावीत. घाईत सर्वजण हेच विसरतात आणि पुढे पस्तावतात. नंतर हब पुलरने ओढून काढावा. बेअरिंगला अडकवून ठेवणारी तारेची बारीक क्लिप असते, तीही काढावी. ती न पाहता प्रेस चालविणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. मग बॉडीला खाली पक्का टेका देऊन शाफ्ट इंपेलरच्या बाजूने दाबून पुढे काढावा.

सीलच्या बैठकीवर नखाला लागणारी खाच असेल, तर लेथवर ती हलकेच साफ करून घ्यावी. त्यावाचून नवे सीलही महिन्याभरात गळेल. नवा शाफ्ट आणि नवे सील जुन्या मापाचेच पाहून घ्यावेत. हब बसविताना शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आधार द्यावा, नाहीतर सारा दाब बेअरिंगवर येतो आणि नवे बेअरिंग गाडीवर चढण्याआधीच दुखावते. इंपेलर बॉडीला घासता कामा नये, तसाच फार दूरही राहता कामा नये. दूर राहिला तर तो पाणी नुसतेच ढवळतो. शेवटी छिद्रातील लांबी तारेने कोरून काढावी.

यावरून मूळचा पंप नेहमीच चांगला, असा आमचा आग्रह नाही. बॉडीला तडा असेल किंवा गंजाने बैठक खोलवर खाल्ली असेल, तर नवाच घ्यावा. पण बॉडी शाबूत असता ती भंगारात देणे आम्हांस पटत नाही. तिची भोके या इंजिनाशी जुळलेली आहेत. नकली मालाच्या बाबतीत ती खात्री नसते.

पाण्याविषयी थोडेसे. बंबात बोअरचे पाणी तापवून बसलेला पांढरा थर गृहिणींच्या परिचयाचा आहे. तोच इंजिनाच्या पोटातही बसतो. यास्तव बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी आणि कूलंट वापरावे. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते उघड्या ताटलीत ठेवू नये. मुले आणि जनावरे त्याला तोंड लावतात. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणीही, अगदी मिस्त्रीनेही, उघडू नये.

फॅनबेल्ट तबल्यासारखा ताणू नये. अंगठ्याने दाबला असता अर्धा-एक इंच दबला पाहिजे. अति ताणल्याने बेअरिंग लवकर जाते. पंप चढविल्यावर पहिल्या दिवशी छिद्रातून एखाददुसरा थेंब आला तर घाबरू नये, नवे सील बैठकीवर रुळत असते. शनिवारी सायंकाळी गाडी उभी केल्यावर पंपाखाली एक कोरडा पुठ्ठा ठेवावा आणि रविवारी मिस्सेला निघण्यापूर्वी तो उचलून पाहावा. काय दिसले ते मैलूरच्या मंडळींनी आम्हांस अवश्य कळवावे.