झडते केंस व जळकें तेल

चैत्र लागतांच आपल्या बीड जिल्ह्यांत पुष्कळ घरीं पाळीव कुत्र्याचे केंस पुंजक्यांनीं झडूं लागतात. मग ‘यास लूत लागली’ असा निकाल देऊन कोणी त्यास घराबाहेर घालवितो, तर कोणी त्याच्या अंगास मोटारीचें जळकें तेल फांसतो. हे दोन्ही उपाय आम्हांस गैर वाटतात.

दिवस मोठा होऊं लागला म्हणजे प्रकाशाचा परिणाम शरीरांतील ग्रंथींच्या स्रावांवर होतो व थंडींतली दाट लव गळून पडते. पाश्चात्य देशांत फेरेट नांवाचा, मुंगसासारखा दिसणारा प्राणी पाळतात. तोही वसंतांत व शरदांत असाच केंस टाकतो. आपल्या पाटोदा तालुक्यांतील नायगांवच्या अभयारण्यांतला मोर पावसाळा सरतां सरतां पिसारा टाकतो, पण त्यास कोणी रोगी म्हणत नाहीं!

लूत निराळी. ती सूक्ष्म किड्यांमुळें होते. जनावर रात्रंदिवस खाजवितें, कानांच्या कडांस व कोपरांस खपल्या धरतात, कातडी लाल होते. एका प्रकारची लूत तर माणसासही लागते. ऋतूच्या गळतींत कातडी स्वच्छ राहते व खालीं नवे केंस दिसतात. तेव्हां विद्यार्थ्यांनीं आधीं केंस बाजूस सारून कातडी पाहावी. जळकें तेल तर विषच; अंग चाटतांना तें जनावराच्या पोटांत जातें. पालकांनीं तें वर्ज्य करावें, रोज फणी फिरवावी, आणि खपल्या दिसल्यास जनावर गुरांच्या दवाखान्यांत न्यावें. तेथें कुत्र्यास नेणें कांहीं मंडळींस कमीपणाचें वाटतें खरें. पण घरांतल्या मुलांबाळांनीं खाजवीत बसण्यापेक्षां तें बरें.